बिननावाचा कागद

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात चादरीची घडी नेहमी दोघींनी घालायची. वाफेच्या रोलरमधून निघालेली चादर हाताला चटका देईल इतकी गरम असायची. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, मधे दुमडायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपरे एकीच्या हातात द्यायचे आणि खाली लोंबणारी कड दुसरीने उचलायची. सांगायला वेळ लागतो. करायला सात-आठ सेकंद. लांबी आणि चिमणी या दोघींनी हे काम अकरा वर्षं जोडीने केलं.

लांबी उंच, हाडापेराने दणकट आणि बोलायला मोजकी. चिमणी जेमतेम तिच्या खांद्याला लागायची, आणि तिचं तोंड म्हणून कधी बंद नसायचं. उंचीत एवढा फरक म्हणताना चादर एका अंगाने जमिनीवर लोळायला हवी होती. पण चिमणी चवड्यांवर उभी राहायची आणि लांबी गुडघ्यात जराशी वाकायची. रोलर चालवणाऱ्या माणसाला सगळे वाफ्या म्हणत. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी रस्त्यात भेटलात तरी एक वाकत असेल आणि एक टाचा उचलत असेल."

बोलणं चादरीच्या मापाने चालायचं. जवळ आलं की एक वाक्य, लांब गेलं की रोलरच्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही, पुन्हा जवळ आलं की पुढचं वाक्य. चिमणीच्या नवऱ्याची धरलेली पाठ, तिच्या लेकीचं कापडदुकानातलं काम, लांबीच्या सुनेशी उडालेला खटका, मग तो मिटला ते, सगळं असं तुकड्या-तुकड्याने सांगून झालं होतं. एका पाळीत सहाशे-सातशे चादरी म्हणजे सहाशे-सातशे वाक्यं. घरच्या माणसांशीही कुणी एवढं बोलत नाही.

अकरा वर्षांनी जुन्या मुकादमबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी लांबीला बसवलं. सगळ्यात जास्त आनंद चिमणीला झाला. "बस आता खुर्चीत," ती म्हणाली, "माझ्यासाठी वाकून वाकून तुझे गुडघे झिजले." चिमणीला घडीसाठी दुसरी जोडीदारीण मिळाली. लांबी हजेरी, वॉर्डांचे गठ्ठे आणि साबणाचे पिंप बघू लागली. डबा मात्र दोघी एकत्रच उघडत.

मग नवे साहेब आले.

साहेब बत्तीस वर्षांचे असतील, लांबीच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. आवाज कधी चढायचा नाही. आठवड्याभरात त्यांना सत्तावीसही माणसांची नावं पाठ झाली. बायांना ते मावशी म्हणत, पुरुषांना काका. वाईट म्हणावा असा माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. पहिल्याच महिन्यात ते घडीच्या टेबलांपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग लांबीला म्हणाले, "मावशी, या जोडीतल्या कोणी किती काम केलं, हे कसं कळतं?"

लांबीला हसू आलं. "साहेब, घडी दोघींची असते."

"तेच तर," साहेब म्हणाले. "म्हणजे कुणाचीच मोजता येत नाही."

पुढच्या महिन्यात लांब टेबलं गेली. त्यांच्या जागी भिंतीला लागून लहान टेबलं आली, प्रत्येकाला दोन चिमटे. चादरीचे कोपरे चिमट्यात अडकवायचे आणि एकटीने घडी घालायची. प्रत्येक बाईचं तोंड भिंतीकडे, पाठ बाकीच्यांकडे. दारासमोर मोठा फळा लागला. त्यावर प्रत्येकाचा फोटो, फोटोखाली दर तासाचा आकडा, आणि आकड्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग.

वाफ्या पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "असे फोटो पोलीस चौकीत बघितलेत मी. 'यांना कुठे पाहिलंत का?'" सगळे खो खो हसले. धुलाईखान्यात सगळे एकदम हसले असं त्यानंतर झालं नाही.

आकडे लिहायचं काम लांबीकडे आलं. सुरुवातीला ती हात सैल सोडायची. जिचं पोर आजारी आहे तिला चार जास्त, जिचा खांदा दुखतोय तिला सहा. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. चिमट्यांमध्येही मोजणीचं यंत्र होतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मावशी, तुमचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमचं मन मोठं आहे, मला माहितीये. पण वर मला उत्तर द्यावं लागतं."

तेव्हापासून ती जसा असेल तसा आकडा लिहू लागली. तासाचा टोला पडला की खडू घेऊन निघायची, आणि चुकायला नको म्हणून आकडा मनात घोकत चालायची. वाटेत कुणी काही बोललं तर हात वर करून थांबवायची.

धुलाईखाना बदलला, तो असा एकदम नाही. एकीची चादर चिमट्यात फाटली तेव्हा शेजारची सोडवायला गेली नाही, कारण तिचे स्वतःचे दोन आकडे गेले असते. मग पाणी प्यायला जाणं कमी झालं, कारण पाणी प्यायलं की नंतर उठावं लागतं. डब्याची वेळ प्रत्येकीने आपापली काढली. एक बाई कपड्यांच्या कोठीत रडताना सापडली. कशाने, ते तिलाच सांगता येईना. चिमणीच्या फोटोखालचा आकडा महिनाभर लाल होता. चिमटे तिच्या हाताला उंच पडत; लाकडी पाट मागितला तर पाय अडकून अपघात होईल म्हणून नाही म्हटलं. दिवसभर चवड्यांवर उभी राहून तिच्या पोटऱ्या भरून येत. लांबी ते रोज बघत होती. म्हणजे डोळ्यांसमोर होतं. बघत होती की नाही हे तिलाच पुढे सांगता आलं नसतं.

त्याच सुमाराला वरून एक कागद आला. 'मनमोकळं सांगा' असं त्याचं नाव. पाच चेहरे छापलेले, खूप हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, त्यातल्या एकावर खूण करायची. खाली तीन कोऱ्या ओळी. नाव लिहायचं नाही, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. कागद पेटीत टाकायचे. बहुतेकांनी मधल्या चेहऱ्यावर खूण केली आणि ओळी कोऱ्या सोडल्या.

दोन आठवड्यांनी साहेबांनी लांबीला खोलीत बोलावून दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि एक कागद दिला. तीन ओळींत मावलं नव्हतं म्हणून मजकूर समासात वळून वर चढला होता.

'पूर्वी घरी जाताना हात दुखायचे. आता सकाळी येतानाच पाय जड होतात. पायऱ्यांवर थांबून श्वास घेते आणि मग खाली उतरते. दिवसभर भिंतीकडे तोंड. मागे कुणी पडलं तरी वळून बघायची भीती वाटते. आमच्या मुकादमबाई आमच्यातल्याच. आता त्या आमच्याकडे बघत नाहीत, फळ्याकडे बघतात. त्यांची पण काही चूक नसेल.'

शेवटचं वाक्य लांबीने वाचलं, पण ते आत शिरलं नाही. आधीच्या वाक्याने जागा अडवली होती. तिचे कान तापले.

"अक्षर ओळखीचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

अकरा वर्षं वॉर्डांच्या चिठ्ठ्या हिने लिहिल्या होत्या. पोट फुगलेला र, आणि सरळ सुरू होऊन वर पळणारी ओळ. लांबीने हे अक्षर अंधारातही ओळखलं असतं.

"नाव लिहायचं नाही असं ठरलं होतं ना, साहेब?"

"हो, आणि कागदावर नाव नाहीच आहे. मावशी, मला शिक्षा करायची नाहीये. ही बाई त्रासात आहे. कोण आहे तेच कळलं नाही, तर मी मदत कशी करू?"

नाही ओळखत, एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पुढे कितीतरी वेळा लांबीने ते दोन शब्द मनात म्हणून बघितले. मदत होईल असं तिला वाटलं, हे खोटं नाही. पण मदतीचा विचार मागून आला. आधी जिभेवर आली ती सल. हिने, माझ्याबद्दल, असं लिहावं?

"चिमणी," ती म्हणाली.

टोपणनाव पुरलं नाही. साहेबांनी पूर्ण नाव विचारलं. लांबीने तेही सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

सोमवारी चिमणीला मैल्याच्या खोलीत हलवलं. वॉर्डांतून आलेले गठ्ठे तिथे उघडायचे. रक्ताचं, घाणीचं, पडदे, गाऊन, चादरी, सगळं वेगळं करायचं. तिथे पूर्वी दोघी असायच्या. आता एकीवर भागवायचं ठरलं होतं. खोलीला जाड दार होतं आणि आत पंख्याचा आवाज. "तिथे आकड्याचं दडपण नाही," साहेबांनी लांबीला समजावलं. "फळाही नाही. त्यांना बरं वाटेल."

चिमणीने गठ्ठ्यांची गाडी ओढता ओढता लांबीला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही. तुला जरा आराम मिळावा म्हणून."

"मैल्यात आराम?" चिमणी हसली. लांबीच्या हातात त्या तासाची यादी होती. ती पुढे गेली.

त्या वर्षी जाड हातमोजे आठवड्याला दोन जोड्यांवरून एकीवर आले होते. आणि धुलाईखान्याच्या दाराबाहेर एक पाटी लागली होती: 'अपघाताविना इतके दिवस'. खालचा आकडा रोज बदलायचा. शंभर भरले की सगळ्या खात्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळणार होती. वर्षभरात पहिल्यांदाच बाया कशाची तरी वाट बघत होत्या. कुणी आईला भेटायला जाणार होती, कुणी नुसतीच झोपणार होती.

शहाण्णवाव्या दिवशी एका घट्ट गुंडाळलेल्या चादरीत सुई राहिली होती. चिमणीच्या मोज्याला अंगठ्यापाशी चीर होती. सुई बरोबर तिथून आत गेली. तिने मोजा काढला, नळाखाली हात धरला, बोट दाबदाबून रक्त काढलं, चिंधी बांधली आणि पुढचा गठ्ठा उघडला.

संध्याकाळी लांबी गाड्या मोजायला मैल्याच्या खोलीच्या दाराशी आली. "बोटाला काय झालं?"

"घरी कापलं जरा."

"जप," लांबी म्हणाली आणि गाड्यांचा आकडा लिहून निघाली. सकाळी त्या बोटाला चिंधी नव्हती, हे तिला आठवायला हवं होतं. कदाचित आठवलंही असेल. पाटीवर शहाण्णव लिहिलेलं होतं.

शंभराव्या दिवशी वरून मोठे साहेब आले, टाळ्या झाल्या, सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. चिमणी कडेला उभी होती, हात एप्रनच्या खिशात घालून.

दीड-दोन महिन्यांनी ती दमू लागली. गाडी ओढताना मधेच थांबायची. जेवण समोर आलं की मळमळायचं. वाफ्यानेच एका सकाळी तिला उजेडात धरून बघितलं आणि म्हणाला, "अगं बाई, तुझे डोळे पिवळे झालेत. आत्ताच्या आत्ता वर जा."

वर डॉक्टरांनी रक्त काढलं आणि पहिला प्रश्न विचारला तो सुईचा. चिमणीने सांगितलं. "त्याच दिवशी आला असतात तर..." डॉक्टर म्हणाल्या आणि उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं. रक्तातून शिरलेली कावीळ यकृताला चांगलीच भोवली होती. चिमणी पाच आठवडे त्याच इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर पडून राहिली. लांबी रोज जिन्यापर्यंत जायची. दोनदा वर गेली, दोन्ही वेळा चिमणी झोपेत होती. तिला उठवावंसं लांबीला वाटलं नाही.

मग चौकशीचा कागद आला. बहुतेक रकाने आधीच भरलेले होते. 'कामगाराने सुरक्षित हातमोजे वापरले होते का?' पुढे 'नाही'. 'घटना वेळेवर कळवली का?' पुढे 'नाही'. शेवटी 'कारण: वैयक्तिक हलगर्जी'. त्याखाली मुकादमाच्या सहीची जागा.

"मोजे घातले होते," लांबी म्हणाली. "फाटलेले होते. दुसरी जोडी आपण देत नव्हतो. आणि तिथे आधी दोघी असायच्या."

"तसा रकाना नाहीये, मावशी," साहेब थकल्यासारखे म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. "नुसती औपचारिकता आहे."

लांबीने सही केली नाही. तिला वरच्या मजल्यावर बोलावलं. टेबलामागे तिघं होती. ती मोज्यांचं बोलली, खोलीचं बोलली, आणि मग जे बोलायचं असं ठरवून आली नव्हती तेही बोलून गेली. "तो बिननावाचा कागद तिने लिहिला होता. अक्षर मी ओळखलं. नाव मी सांगितलं. म्हणून ती तिथे गेली."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधल्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तो वेगळा विषय झाला. या चौकशीत नोंदवता येणार नाही."

लांबी थोडा वेळ बसून राहिली. कुणीतरी ओरडेल, जाब विचारेल, निदान हे असं का केलंत म्हणेल, असं तिला वाटत होतं. त्यांनी आभार मानले. सही दुसऱ्या दिवशी कोठीच्या कारकुनाने केली.

"केली असतीस तर काय बिघडलं असतं?" नवऱ्याने घरी विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"काही नाही. नाही केली तरी काही सुधारलं नाही," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. सून मधे पडून म्हणाली, "राहू द्या आई, मी करते." लांबीने ऐकलं नाही.

महिन्याभरात, वयाचा विचार करून तिला हलकं काम दिलं. हलकं काम म्हणजे भिंतीकडचं टेबल आणि दोन चिमटे. फळ्यावर तिचा फोटो लागला. पहिल्या तासाचा आकडा लाल होता. लिहिणाऱ्या नव्या मुकादमबाईने तिच्याकडे बघितलं नाही.

चिमणी घरी आल्याचं कळलं तेव्हा लांबी सुट्टीच्या दिवशी गेली. दार लेकीने उघडलं. दारातच उभी राहून म्हणाली, "आई झोपलीये."

आतून आवाज आला, "कोण, लांबी? येऊ दे गं तिला."

चिमणी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आधीच लहानखुरी, आता तर उशीएवढी दिसत होती. मनगटं काड्यांसारखी. लांबी कडेच्या स्टुलावर बसली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "तुझं नाव मी सांगितलं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"त्या सोमवारपासून. माझं अक्षर तिथे ओळखणारं दुसरं होतं कोण?"

"मग बोलली का नाहीस? तोंडावर का नाही मारलंस?"

"वाट बघत होते," चिमणी म्हणाली. तिला मधे मधे थांबावं लागत होतं. "म्हटलं, तूच सांगशील. रोज दाराशी यायचीस, गाड्या मोजायचीस, जायचीस. सुई लागली ना, त्या दिवशी सांगणार होते तुला. तू विचारलंस तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण तू दारातून विचारलंस. हातात पेन होतं. म्हटलं, हिला आत्ता आकडा लिहायचाय. चार दिवस राहिलेत, सगळ्यांची सुट्टी कशाला घालवा."

लांबीने माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द इतका छोटा वाटला की तिने तो परत गिळला. लेक दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती.

"कागदात तुझ्याबद्दल लिहायला नको होतं मी," चिमणी मग म्हणाली. "पण तुला सांगायचं होतं गं. दुसरी सोयच नव्हती. आपलं बोलणंच बंद झालं होतं."

लांबी उठली. "पुढच्या रविवारी येते."

"नको," चिमणी म्हणाली. आणि लांबीचा चेहरा बघून लगेच पुढे म्हणाली, "रागाने नाही म्हणत, लांबे. तू समोर बसलीस की मला तिथलंच सगळं दिसतं. मला बरं व्हायचंय."

लेकीने दार लावलं. आदळलं नाही; नीट लावलं.

चिमणी धुलाईखान्यात परत आली नाही. वर्ष संपता संपता पुन्हा चेहऱ्यांचे कागद आले. या वेळी सगळ्यांनी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. ओळी एकूण एक कोऱ्या. सगळ्या इस्पितळात धुलाईखाना पहिला आला, आणि साहेबांना एका मोठ्या इस्पितळात वरची जागा मिळाली. जायच्या दिवशी ते प्रत्येक टेबलाशी जाऊन निरोप घेत होते. लांबीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. "मावशी, तुमच्याकडून खूप शिकलो मी."

वर्षभर तिने मनात या माणसाला कायकाय सुनावलं होतं. "सांभाळून जा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा बाजारात चिमणी दिसली. कापडदुकानाच्या पायरीवर बसून ती लेकीला गुंड्या निवडून देत होती. अंग जरा भरलं होतं, आणि शेजारच्या बाईला काहीतरी रंगवून सांगत होती. लांबी वाटेतच थांबली. चिमणीने मान वर केली, तिला बघितलं, ओळखीचं हसली, आणि पुन्हा त्या बाईकडे वळून अर्धं राहिलेलं सांगू लागली. लांबी उभीच राहिली, मागून कुणीतरी "ओ बाई, बाजूला व्हा" म्हणेपर्यंत.